खाटेपाशी भरणारी शाळा

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. सांगायला ही एक ओळ, पण करायला दोन माणसं, एक आडवी चादर आणि सरावलेले हात लागतात. आधी खाटेच्या चाकांना ब्रेक लावायचा. "आजोबा, आता डाव्या कुशीवर वळवते हं," असं सांगायचं. रुग्ण बेशुद्ध असला तरी सांगायचं. सलाईनची नळी आणि लघवीची पिशवी कुठे अडकत नाही ना, हे पाहायचं. मग चादरीच्या दोन्ही कडा मुठीत गुंडाळून धरायच्या आणि एका दमात रुग्णाला खाटेच्या कडेकडे सरकवून वळवायचं. ओढायचं अजिबात नाही. ओढलं की नाजूक झालेली कातडी गादीला घासून सोलवटते. वळवल्यावर पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि टाचा गादीवरून अधांतरी.

आणि याच वेळी माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती यांवरून नजर फिरवायची. तिथे लाल डाग दिसला आणि बोटानं दाबूनही तो फिका झाला नाही, तर सिस्टरना लगेच सांगायचं, कारण आत जखम सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही. तिथे तळहाताची पाठ टेकवून पाहावं लागतं: आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते का, घट्ट किंवा पोचट लागते का, रंग जांभळट-काळसर झालाय का. हे तक्त्यावरून कळत नाही. कुणीतरी अनुभवी बाईनं नवशिक्या मुलीचा हात धरून त्या जागेवर ठेवावा लागतो, तेव्हाच ते बोटांना कळतं.

या कामाचं मोल किती, याचा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, रुग्णालयातल्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या प्रकरणाचा निकाल दिला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली. वैद्यकीय व्यवसायातल्या माणसांना ती ऐकून जितकं आश्चर्य वाटलं, तितकं इतरांना वाटलं नसेल. कारण बेडसोअर व्हायला काही दिवसांचा हलगर्जीपणा पुरतो. पिढ्या बदलल्या, माणसं निवृत्त झाली, तरी वळवायची वेळ चुकली नाही.

असं अंगाला हात लावून करायचं काम आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत कोण करतं? सिस्टर करतात, पण एका सिस्टरकडे खाटा इतक्या असतात की इंजेक्शनं, औषधं आणि नोंदी यांतच पाळी संपते. मग स्पंज, बेडपॅन, चादर बदलणं, भरवणं, एक्स-रेला नेणं-आणणं हे सगळं मावशी, मामा, वॉर्डबॉय, आया करतात. घरी असलेल्या आजी-आजोबांसाठी ब्यूरोची बाई येते, बारा तासांच्या पाळीनं. रुग्णाच्या दिवसातले सर्वात जास्त तास यांच्या सोबतीत जातात.

यातल्या बहुतेकांना विचारलं, की हे शिकलात कुठे, तर उत्तर ठरलेलं असतं: "बघून बघून." जुन्या मावशींच्या हाताखाली चार महिने काढले की नवी मावशी तयार होते. या पद्धतीत मोठी ताकद आहे आणि तितकाच मोठा धोकाही. जुन्या मावशी जे जे करतात ते सगळं नव्या मावशी उचलतात, चांगलं आणि वाईट मिळूनच. एकाच हातमोज्यांनी दोन रुग्णांना हाताळणं. नेताना लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवणं, म्हणजे पिशवीतली लघवी मूत्राशयाकडे परत जायला वाट मोकळी. पक्षाघात झालेल्या माणसाला आडवं ठेवून पेज भरवणं आणि मग ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होणं. या चुका करणारी माणसं निष्काळजी नसतात. त्यांना कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

शिकाऊ उमेदवारी ही व्यवस्था इथेच उपयोगी पडते. अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करत शिकणं, हा भाग तसाच ठेवायचा. त्याला कारणांचं शिक्षण, ठरलेली मुदत, विद्यावेतन, परीक्षा आणि प्रमाणपत्र जोडायचं. शिकाऊ उमेदवार म्हटलं की महाराष्ट्रात एसटीचं आगार, रेल्वेचं वर्कशॉप आणि आयटीआय झालेला फिटर डोळ्यांसमोर येतो. रुग्णालयातल्या खाटेपाशी शिकाऊ उमेदवार असू शकतो, हे अजून फार थोड्या घरांत माहीत आहे.

वास्तविक आधुनिक परिचर्या शिक्षणाची सुरुवातच उमेदवारीनं झाली. क्रिमियन युद्धातल्या कामाबद्दल फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं लोकांनी जो निधी उभा केला, त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा सुरू झाली. तिथल्या उमेदवार मुलींचं शिक्षण एका वर्षाचं असे. राहणं, जेवण आणि गणवेश मिळे आणि वरखर्चाला वर्षाला १० पौंड. शिकवणाऱ्या मुख्यतः वॉर्डच्या सिस्टर. प्रत्येक मुलीचा दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता यांच्या नोंदी असत आणि बरोबरीनं हातच्या कामांच्याही: मलमपट्टी, जळवा लावणं, एनिमा, अंथरूण घालणं. आजच्या शिकाऊ उमेदवाराच्या लॉगबुकात जळवांची जागा ऑक्सिमीटरनं घेतली आहे. तक्त्याचा सांगाडा फारसा बदललेला नाही.

मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत या परिचर्येचं शिक्षण घ्यायला आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून नोंदल्या गेल्या. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनानं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या प्रशिक्षणाची वाट उघडली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची, या कल्पनेनंच तेव्हाची घरं हादरत. त्या काळात ज्या विधवा आणि गरजू बायका या कामाला पुढे झाल्या, त्यांचं धैर्य आज नीट मोजताही येत नाही.

पुढे नर्सिंग महाविद्यालयांत गेलं आणि जायलाच हवं होतं. औषधं गुंतागुंतीची झाली, यंत्रं आली, निर्णयांची जबाबदारी वाढली. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. अभ्यासक्रम एकसारखे झाले: दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम, चार वर्षांची बीएस्सी. मात्र परिचारिका जसजशी वर चढत गेली, तसतशी तिच्या खालची जागा रिकामी होत गेली. ती जागा ज्यांनी भरली त्यांच्या शिक्षणाकडे कित्येक दशकं कुणी पाहिलं नाही.

इंग्लंडमध्ये हेच घडलं, आणि तिथला अनुभव सविस्तर पाहण्यासारखा आहे. कारण त्यांनी एक चूक केली, तिची किंमत मोजली आणि मग शिडी नव्यानं बांधली. दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांचा तुटवडा पडला, तेव्हा १९४३च्या कायद्यानं तिथे सहायक परिचारिकांची वेगळी नोंदवही तयार झाली. पुढे त्यांना 'एनरोल्ड नर्स' म्हणू लागले. प्रशिक्षण दोन वर्षांचं आणि बरंचसं वॉर्डातच. युद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून परिचारिका व्हायला आलेल्या कितीतरी मुलींना नीट न सांगताच या दुय्यम वर्गात घातलं गेलं. वर चढायची वाट अरुंद, आणि मायदेशी परत जावं तर त्या पात्रतेला तिथे मान्यता नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस परिचर्या शिक्षण विद्यापीठांकडे वळू लागलं तसं हे प्रशिक्षण बंद होत गेलं. त्यांची खाटेपाशीची कामं हेल्थकेअर असिस्टंट करू लागले. त्यांना नोंदणी नव्हती आणि देशभर लागू असलेला किमान अभ्यासक्रमही नव्हता.

मग स्टॅफर्डच्या रुग्णालयाचं प्रकरण बाहेर आलं. २००५ ते २००९ या काळात तिथे काय काय झालं, याची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. त्यांचा मोठा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. पाण्याचा पेला रुग्णाच्या हाताला लागणार नाही इतका दूर ठेवलेला. भरवायला कुणी नाही. शौचाला नेण्यासाठी हाका मारूनही कुणी आलं नाही. यातली एकही गोष्ट उच्च तंत्रज्ञानाची नव्हती. त्यामागे माणसं कमी करून खर्च वाचवण्याचा व्यवस्थापनाचा हव्यास होता, हेही अहवालानं सांगितलं. त्याच वर्षी जुलैत पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांनी या मदतनीस वर्गाचा आढावा घेतला. रुग्णालयं, वृद्धाश्रम आणि घरं मिळून नोंदणीकृत परिचारिका नसलेले १३ लाखांहून अधिक लोक हातची बहुतेक सेवा करतात आणि त्यांच्या प्रशिक्षणात काहीच एकसारखं नाही, असं त्यांनी मांडलं.

त्यातून २०१५ साली 'केअर सर्टिफिकेट' आलं. हात धुण्यापासून रुग्णाचं खासगीपण जपण्यापर्यंत १५ मानकं, नव्या माणसानं सुरुवातीच्या आठवड्यांतच पूर्ण करायची. एप्रिल २०१७ मध्ये ज्या संस्थांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून त्यावरच्या रकमेच्या अर्धा टक्का उमेदवारी निधी घेणं सुरू झालं. सरकारी रुग्णालयांचे पगारखर्च अवाढव्य, तेव्हा त्यांचा पैसा या निधीत पडू लागला; तो परत मिळवायचा तर शिकाऊ उमेदवार घ्यायला हवेत. अशा रीतीनं रुग्णालयांना उमेदवारीत रस निर्माण झाला. २०१७ सालीच 'नर्सिंग असोसिएट' या नव्या पायरीचे पहिले प्रशिक्षणार्थी दाखल झाले आणि जानेवारी २०१९ पासून त्यांची नोंदणी परिचारिकांच्याच नियामक संस्थेकडे होऊ लागली. आता तिथे सतरा-अठराव्या वर्षी मदतनीस म्हणून उमेदवारी सुरू करणारी मुलगी पगार घेत घेत नर्सिंग असोसिएट होऊ शकते, आणि तिथून झालेल्या शिक्षणाचं श्रेय धरून पदवीच्या उमेदवारीनं पूर्ण परिचारिका होऊ शकते. हा प्रवास वेळखाऊ आहे आणि सगळ्यांनाच तो झेपत नाही. तरी जुन्या एनरोल्ड नर्सला जी वाट अरुंद होती, ती या मुलीसाठी रुंद केलेली आहे, आणि तेवढ्यासाठी या सुधारणेला दाद द्यायला हवी.

आता आपल्याकडे. या कामाचं अधिकृत नाव आहे जनरल ड्यूटी असिस्टंट, बोलताना जीडीए. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलनं त्याची मानकं ठरवली आहेत. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा मुळात कारखान्यांतल्या ट्रेडसाठी होता. २०१४ साली त्यात दुरुस्ती होऊन 'ऑप्शनल ट्रेड' आले आणि सेवाक्षेत्रातल्या कामांना दार उघडलं; जीडीए त्याच दारानं आत आला. २०१६ साली केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. किमान विद्यावेतन २०१९च्या नियमांत शिक्षणानुसार ठरलं: पाचवी ते नववी झालेल्यांना ५०००, दहावीला ६०००, बारावीला ७००० रुपये. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकते. दुसऱ्या वर्षी विद्यावेतन १० टक्क्यांनी वाढतं.

कंत्राटी माणसं धरून ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे २०० माणसांच्या रुग्णालयाला किमान ५ आणि जास्तीत जास्त ३०. ही वरची मर्यादा महत्त्वाची आहे. ती नसती, तर कायम कर्मचाऱ्यांच्या जागी स्वस्तातले उमेदवार राबवण्याचा मोह आवरणं कठीण गेलं असतं.

मोह तरीही होतो. कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो शिकणारा आहे. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय त्याला लागू होत नाहीत. कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र मालकाची. उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असंही नाही. या सवलती मालकाला दिल्या आहेत त्या शिकवण्याच्या बदल्यात. शिकवलंच नाही आणि वर्षभर फक्त स्ट्रेचर ढकलायला लावलं, तर तो सौदा मोडला, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मग शिकायचं तरी काय काय? यादी लांब आहे, पण एकच काम जवळून पाहिलं तरी अंदाज येतो. समजा, मूत्रनलिका लावलेल्या रुग्णाची लघवी मोजायची आहे. हात धुवायचे: साबणानं ४० ते ६० सेकंद, किंवा हँडरबनं २० ते ३०. मोजे घालायचे. मोजपात्र त्या रुग्णाचंच घ्यायचं, शेजारच्या खाटेचं नाही. पिशवीच्या खालची तोटी उघडायची आणि ती मोजपात्राच्या कडेला किंवा जमिनीला टेकू द्यायची नाही. पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून आकडा वाचायचा. रंग पाहायचा: गडद, गढूळ की लालसर. तोटी बंद करून पुसायची, मोजे काढायचे, पुन्हा हात धुवायचे आणि आकडा वेळेसकट तक्त्यात लिहायचा. इथपर्यंत झालं हाताचं काम. त्यापुढचं डोक्याचं. ६० किलो वजनाच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली जात असेल, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोचत असण्याची शक्यता असते. तो आकडा फक्त लिहून ठेवणारा आणि तो पाहून सिस्टरकडे धावणारा, या दोघांत रुग्णाचा जीव वाचण्या-न वाचण्याइतकं अंतर असू शकतं. उमेदवारानं निदान करायचं नाही, औषध द्यायचं नाही, ही मर्यादा पक्की. पण बिनसलेलं पहिल्यांदा दिसतं ते त्यालाच.

कचऱ्याचंही तसंच. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली, तर ती टोचते पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराला. म्हणून याच नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. उमेदवारही त्यात आला.

एवढं सगळं दहावी-बारावी झालेल्या, कधी त्याहूनही कमी शिकलेल्या माणसाला जमेल का, अशी शंका शहरी मंडळी हमखास काढतात. तिचं उत्तर गडचिरोलीत तीन दशकांपूर्वीच मिळालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन, तापमान, श्वास, दूध ओढण्याची ताकद या सगळ्यांची नोंद त्या ठेवत आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचारही करत. त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलं. हे संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे २०११ साली आशा कार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही पद्धत घेतली गेली.

'सर्च'नंच त्याआधी, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं होतं. लाकडी पट्टीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर बाळाला न्यूमोनिया. निरक्षर बाईच्या हाती एवढी अचूक तपासणी आली. जामखेडलाही डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्या नियमानं प्रशिक्षणाला येत, गावात जाऊन काम करत आणि अडलेलं घेऊन पुन्हा येत. दोन्हीकडे यशाचं कारण शिकणारीच्या शाळेतल्या इयत्तेत सापडत नाही. काम चालू असताना कुणीतरी येऊन ते तपासत होतं आणि चुकलं तिथे पुन्हा करून दाखवत होतं. रुग्णालयातल्या उमेदवारीलाही हीच गोष्ट तारते किंवा मारते. शिकाऊ मुलीवर लक्ष ठेवायला नेमलेल्या सिस्टरला त्यासाठी वेळच दिला नाही, तर कागदावरचा उत्तम अभ्यासक्रमही कागदावरच राहतो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर घाई किती उपयोगी पडते आणि कुठे कमी पडते, हे दोन्ही दिसलं. १८ जून २०२१ रोजी केंद्रानं एक लाखाहून अधिक लोकांसाठी तातडीचा अभ्यासक्रम सुरू केला. घरची शुश्रूषा, रुग्णालयातली प्राथमिक आणि प्रगत मदत, आपत्कालीन मदत, नमुने गोळा करणं आणि वैद्यकीय उपकरणं अशी सहा कामं. वर्ग सुमारे तीन आठवड्यांचा, त्यानंतर जवळजवळ तीन महिने प्रत्यक्ष रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात काम. संकटात दुसरा मार्ग नव्हता आणि वर्गापेक्षा प्रत्यक्ष कामाला चौपट वेळ देणं हे शहाणपणाचंच होतं. पण रुग्णाला वळवताना, भरवताना, त्याच्या रागाला आणि रडण्याला सामोरं जाताना लागणारी समज एवढ्यात येत नाही. तिला ऋतू जावे लागतात.

गेल्या काही वर्षांत आणखी एक वाट उघडली आहे, ती थेट महाराष्ट्रातून जर्मनीला जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यातल्या कामांच्या यादीत परिचारिकांबरोबर रुग्ण आणि वृद्धांची शुश्रूषा करणारे मदतनीसही आहेत. जर्मनीत परिचर्येचं मुख्य शिक्षणच पगारी उमेदवारीतून होतं. २०२० पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा: २१०० तास वर्गात आणि २५०० तास रुग्णालय, वृद्धाश्रम आणि घरोघरच्या सेवेत. त्याखाली मदतनीसांची छोटी प्रशिक्षणं आहेत. तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींची खरी परीक्षा भाषेत आहे. स्मृतिभ्रंश झालेली आजी तिच्या बोलीत काय मागतेय, हे कळलं नाही तर हातातलं कौशल्य तसंच राहतं. म्हणून जर्मन भाषेची बी-१ किंवा बी-२ पातळी गाठेपर्यंत निघायची घाई करू नये आणि त्याआधी मोठमोठ्या रकमा मागणाऱ्या दलालांच्या दारात उभंही राहू नये.

इथेच राहणाऱ्यांसाठी मात्र पुढची पायरी अजून तुटक आहे. जीडीएचं प्रमाणपत्र असलं तरी एएनएम किंवा जीएनएमच्या अभ्यासक्रमात एका दिवसाचीही सूट मिळत नाही. वर्षभर वॉर्डात काढलेली मुलगी आणि कालपर्यंत वॉर्ड न पाहिलेली मुलगी एकाच ओळीत उभ्या राहतात. हे बदलायला हवं. झालेल्या उमेदवारीतल्या कामांचं श्रेय परीक्षा घेऊन का होईना, पुढच्या शिक्षणात धरायला हवं, नाहीतर इंग्लंडच्या एनरोल्ड नर्सची कहाणी आपण नव्यानं लिहू.

तोवर ज्या वाटा आहेत त्या माहीत असलेल्या बऱ्या. एएनएम फक्त मुलींसाठी आहे. इंग्रजी घेऊन बारावी झालेली कला शाखेची मुलगीही त्याला चालते, वय १७ ते ३५. एएनएम होऊन नोंदणी झाली की जीएनएमला प्रवेश घेता येतो आणि जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी. मुलांना बारावीनंतर थेट जीएनएमची वाट धरावी लागते आणि त्यासाठी इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात. वॉर्डबॉय म्हणून लागलेल्या पोरानं बारावी अर्धवट सोडली असेल, तर उमेदवारीच्याच काळात मुक्त विद्यालयातून ती पुरी करून घ्यावी.

आणि सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. करार केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदला जाणार आहे का, कारण नोंद नसेल तर प्रमाणपत्रही नाही आणि सरकारी वाटाही नाही. विद्यावेतन बँक खात्यात जमा होणार की हातावर ठेवणार. कोणत्या सिस्टरच्या देखरेखीखाली काम करायचं आणि लॉगबुकवर सही कुणाची. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस कोण देणार आणि पहिला कधी. हा शेवटचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. तिसरा डोस सहाव्या महिन्यात असतो आणि सुया पहिल्या आठवड्यापासून आजूबाजूला असतात.